सैतान गेला, तिखट राहिलं

इंडोनेशियात गाचोआन नावाची नूडल्सची एक साखळी आहे. दर परवडणारे, तिखट न परवडणारं, आणि गर्दी बहुतेक तरुण पोरापोरींची. तिच्या मेनूकार्डावर ‘सेतान’ आणि ‘इब्लिस’ अशा दोन नूडल्स होत्या; एक जरा खारट, दुसरी सोयाच्या गोडसर रसातली, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या. ज्याला तिखट सोसत नाही त्याच्यासाठी ‘एंजल’ होती. सोबतच्या थंड सरबतांना तिकडच्या भुतांची नावं होती: कफनात गुंडाळलेला पोचोंग, पैसे चोरणारं बालभूत तुयुल, केसाळ धिप्पाड गेंदेरुवो. थोडक्यात, आपल्याकडे मुंजा, हडळ आणि वेताळ बर्फ घालून मिळावेत तशी सोय. मग साखळीला हलाल प्रमाणपत्र हवंसं झालं आणि घोडं अडलं. अडलं ते नावांपाशी, कारण धर्माला न मानवणारं नाव असलेल्या पदार्थाला शिक्का मिळत नाही असा तिकडचा नियम आहे. मालकांनी नावं बदलली. सैतानाच्या जागी ‘होम्पिम्पा’ आली, म्हणजे राज्य कोणावर हे ठरवताना पोरं हात पुढे करून जे ओरडतात ते. भुतांच्या जागी लपंडाव आला, आणि आपल्या आट्यापाट्यांचा चुलतभाऊ शोभेल असा ‘गोबाक सोदोर’ आला. एंजललाही नारळ मिळाला. देवदूत असल्याचा काही उपयोग झाला नाही. कढई तीच राहिली, मिरचीही तीच. प्रमाणपत्र मिळालं.

यात हसण्यासारखं नेमकं काय, ते आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर हसू भलत्याच दाराशी जाऊन उभं राहायचं. काय खावं आणि काय खाऊ नये याचे नियम जवळपास प्रत्येक धर्माने केले आहेत, आणि ते पाळणाऱ्याची टिंगल करण्याचं काही कारण नाही. डुक्कर नको, दारू नको, जनावर ठरलेल्या रीतीने कापलेलं हवं, आणि वर्ज्य गोष्टींचा भांड्यांनाही स्पर्श नको, एवढा हलालचा नियम आहे. जगातले कोट्यवधी लोक कुठलाही अर्ज न भरता तो रोज पाळतात. हसू येतं ते या नियमाचं सर्टिफिकेट होताना पाहून. माझं म्हणणं एवढंच आहे की शिक्का हा अंतरासाठी असतो. करणारा आणि खाणारा यांच्यामध्ये जितके समुद्र, कारखाने आणि गोदामं, तितका शिक्का कामाचा. दोघांमध्ये फक्त एक कढई असेल, तर शिक्का तिथे येऊन करणार काय? गिऱ्हाइकाने विचारायचा प्रश्न तो सरकारतर्फे विचारणार, आणि गाडीवालीने द्यायचं उत्तर सरकारतर्फे लिहून घेणार. मोठ्या कारखान्यासाठी बेतलेला कागद लहान धंद्याच्या अंगावर चढवला की काय होतं, हे पाहायचं तर इंडोनेशियासारखी प्रयोगशाळा नाही.

कारण तिथेही या कागदाचा जन्म गाडीवर झालेला नाही. 1988 साली पूर्व जावातल्या ब्रावीजाया विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांची पाहणी बाहेर आली: बाजारातल्या कित्येक पाकीटबंद पदार्थांत डुकराची चरबी असण्याचा संशय आहे. देशभर घबराट उडाली. झटपट नूडल्स, सोया सॉस, दुधाची पावडर यांचा खप धाडकन पडला. लगोलग, 6 जानेवारी 1989 रोजी, तिथल्या उलेमा परिषदेने खाद्यपदार्थ तपासणारी स्वतःची संस्था काढली. लोक घाबरले ते पाकिटाला, आणि ते बरोबरच होतं, कारण पाकिटाला प्रश्न विचारता येत नाही. 2001 मध्ये तर अजिनोमोटोवरून देशात मोठं वादळ झालं. मसाल्याच्या त्या पांढऱ्या भुकटीत डुक्कर नव्हतं. ती बनवणाऱ्या जिवाणूंना जे खाद्य घालत, ते तयार करताना डुकरापासूनचं एक एन्झाइम वापरलेलं होतं. उलेमा परिषद म्हणाली, हराम. राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद, जे स्वतः धर्मपंडित होते, म्हणाले की अंतिम पदार्थात काहीच नाही, तेव्हा चालेल. जिवाणूने कोणे एके काळी काय खाल्लं यावर जिथे राष्ट्राध्यक्ष आणि धर्मपरिषद यांचं जमत नाही, तिथे वाणसामान घ्यायला निघालेल्या बाईने काय शोधून काढायचं? अशा ठिकाणी कुणीतरी प्रयोगशाळेत जाऊन, कारखान्याच्या वह्या उघडून, शिक्का मारलाच पाहिजे. इथवर माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढे सुरू होते. 2014 मध्ये इंडोनेशियाने कायदा क्रमांक 33 केला आणि हौसेचा शिक्का सक्तीचा करायचं ठरवलं. नुसत्या खाण्यापिण्यालाच असं नव्हे. औषधं, सौंदर्यप्रसाधनं, वापरायच्या वस्तू, सगळं टप्प्याटप्प्याने. शिक्क्याची हौस तोवर बरीच वाढली होती: 2016 मध्ये डोक्यावरच्या हिजाबला हलाल प्रमाणपत्र मिळाल्याची जाहिरात झळकली, आणि 2018 मध्ये एका नामांकित कंपनीच्या फ्रिजला. फ्रिज स्वतः काही खात नाही ही त्यातली जमेची बाजू. खाद्यपदार्थांसाठी 17 ऑक्टोबर 2024 ही तारीख पडली. आता, या देशात सूक्ष्म, लहान आणि मध्यम धंदे आहेत सुमारे 6 कोटी 40 लाख. सरकारने लहानांसाठी वर्षाला 10 लाख फुकट प्रमाणपत्रांची योजना काढली आणि एकूण एक कोटीचं उद्दिष्ट ठेवलं. सगळेच काही खाण्याच्या धंद्यात नसतात, पण एक तृतीयांश धरले तरी या वेगाने वीस वर्षं लागतात, आणि तोवर पहिल्या रांगेतल्या भजीवालीची सून गाडी सांभाळायला लागलेली असते. मे 2024 मध्ये, तारखेला पाच महिने उरले असताना, सरकारने लहानांची मुदत 17 ऑक्टोबर 2026 पर्यंत पुढे ढकलली. कायदा कडक, तारीख मवाळ, हे दृश्य आपल्याला काही परकं नाही.

एवढ्या गाड्यांवर तपासनीस पाठवणं शक्य नाही हे कळल्यावर एक युक्ती निघाली, ती म्हणजे स्वयंघोषणा. धोका नसलेला साधा पदार्थ विकणाऱ्या लहान धंद्याने स्वतःच जाहीर करायचं की आपला माल हलाल आहे. समजा एक बाई केळ्याची भजी तळून विकते. आधी तिने धंद्याचा नोंदणी क्रमांक काढायचा. मग सरकारी ऑनलाइन यंत्रणेत खातं उघडायचं. केळं, पीठ, साखर, मीठ, तेल अशी जिन्नसांची यादी चढवायची. केळं सोलतात, पिठात बुडवतात, तळतात अशी कृती पायरीपायरीने लिहायची. प्रत्येक धंद्याला एक हलाल पर्यवेक्षक नेमावा लागतो. लहान धंद्यात ते पद मालकिणीलाच भूषवता येतं. म्हणजे तळणारीही तीच, तिच्यावर लक्ष ठेवणारीही तीच. मग एक मानधनी सहायक येतो, गाडी आणि जिन्नस पाहून जातो. बाई लेखी शपथ देते. कागद वर सरकत फतवा समितीपुढे जातो, समिती मान डोलावते आणि शिक्का मिळतो. या साऱ्या प्रवासात घडलं काय? बाई म्हणाली, ‘यात काही वावगं नाही.’ सरकारने ते ऐकलं, नोंदवलं, समितीपुढे ठेवलं आणि गिऱ्हाइकाला कळवलं, ‘त्या म्हणतात, यात काही वावगं नाही.’ गिऱ्हाईक तीन फुटांवर उभं होतं. त्याला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

बरं, धोका असतो तो तरी बाईच्या हातात असतो का? भाजलेल्या कणसाचं पाहा. इंडोनेशियात कणसाला लोणी आणि तिखट-गोड सॉस फासून निखाऱ्यावर भाजतात, आणि फासायला ब्रश वापरतात. कणीस निर्दोष, निखारा निर्दोष, सॉसही बहुधा निर्दोष. पण ब्रश डुकराच्या केसांचा असू शकतो. हे केस ताठ, चिवट आणि स्वस्त असतात, म्हणून रंगाच्या ब्रशांत जगभर वापरतात, आणि हार्डवेअरच्या दुकानातला तोच ब्रश गाडीवर येतो. दांड्यावर इंग्रजीत ‘ब्रिसल’ असं छापलेलं असतं, जे कणीसवाल्याने वाचावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते. मांसाच्या गोळ्यांचं तसंच. ‘बाक्सो’ विकणारा पहाटे मांस घेऊन बाजारातल्या दळणाच्या यंत्रावर जातो. त्याच्या आधी त्या यंत्रातून काय दळून गेलं ते यंत्रवाल्यालाच ठाऊक. मांस कापलं ते कत्तलखान्यात, दळलं ते यंत्रावर, आणि अर्ज मात्र गाडीवाल्याच्या नावाचा. ज्याच्या हातात काहीच नाही त्याची शपथ घ्यायची आणि ज्याच्या हातात सगळं आहे तो सुखाने ब्रश विकत बसायचा. ब्रशचा एक कारखाना पकडून दांड्यावर सरळ भाषेत ‘डुकराचे केस’ असं छापायला लावलं, तर हजारो कणसं एका दिवसात शुद्ध होतील, आणि एकाही कणीसवाल्याला पासवर्ड लक्षात ठेवावा लागणार नाही.

मध्ये इतके कागद आले की नाव एकीकडे आणि माल दुसरीकडे जायचाच. 2023 मध्ये ‘नबीझ’ नावाचं एक पेय तिकडे गाजलं. स्वयंघोषणेच्या अर्जात ते द्राक्षांचा रस होतं, त्या नावाने त्याला शिक्काही मिळाला, आणि बाजारात ते हलाल रेड वाइन म्हणून मिरवू लागलं. बोभाटा झाल्यावर प्रमाणपत्र रद्द झालं. पुढच्या वर्षी उलटं झालं: तुयुल, बिअर, वाइन अशी नावं असलेले पदार्थ हलाल यादीत सापडले, आणि सरकारी संस्थेला खुलासा करावा लागला की वाद नावाचा आहे, मालाचा नाही. म्हणजे एकदा नाव सोवळं आणि बाटली ओवळी, दुसऱ्यांदा बाटली सोवळी आणि नाव ओवळं. आणि एप्रिल 2025 मध्ये खुद्द सरकारनेच डुकराचा अंश सापडलेल्या नऊ पदार्थांची यादी जाहीर केली, मुख्यतः मार्शमॅलोसारख्या मऊ गोळ्यांची. त्यातल्या सात पदार्थांवर हलालचा शिक्का होता. हा माल पाकिटातला, बहुतेक लांबून आलेला. जिथे शिक्क्याची खरी गरज होती तिथे त्याने झोप काढली, आणि त्याच सुमारास तो केळ्याच्या भज्यांची कृती तपासत होता.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा: समोरचा माणूस खोटं बोलला तर? उदाहरण ताजं आहे. मे 2025 मध्ये सोलो शहरातल्या 1973 पासूनच्या एका नावाजलेल्या तळलेल्या कोंबडीच्या दुकानाबद्दल कळलं की कोंबडीवर भुरभुरायचा कुरकुरीत चुरा डुकराच्या चरबीत तळला जातो. वर्षानुवर्षं खाणाऱ्यांमध्ये मुसलमान गिऱ्हाइकं होती. लोक संतापले, महापौरांनी दुकान काही काळ बंद केलं, ‘नॉन-हलाल’ अशी पाटी लागली ती बोभाटा झाल्यावर. इथे अंतर तीन फुटांचंच होतं आणि तरी फसवणूक झाली, म्हणजे माझा सिद्धांत आपटला की काय? जरा थांबून पाहावं. डुकराची चरबी वापरणं तिकडे गुन्हा नाही. कायदा इतकंच सांगतो की माल हलाल नसेल तर तसं लिहा. दुकानाचा दोष न सांगण्याचा होता, आणि न सांगणाऱ्याला शपथपत्र भरायला दिलं तर तो तेही भरेल. खोट्या माणसाला प्रमाणपत्र हवं तेवढं गोड लागतं. उलट खऱ्यापेक्षा त्यालाच त्याची जास्त निकड असते. ‘यात अमुक आहे’ असं सांगण्याची सक्ती आणि न सांगितल्यास जबर दंड, याने फसवणूक आटोक्यात येते. ‘यात काहीच नाही’ असं प्रत्येकाकडून लिहून घेतल्याने फक्त कपाटं भरतात.

आणि शिक्क्याविना असे नियम चालूच शकत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी महाराष्ट्रातल्या उपासाकडे पाहावं. इतकं गुंतागुंतीचं आहारशास्त्र जगात क्वचितच असेल. तांदूळ चालत नाही, वरी चालते. मूळचा दक्षिण अमेरिकेतला बटाटा चालतो, त्याच बाजूचा शेंगदाणा आणि मिरचीही चालते, साबुदाणा ज्या कंदाचा तोही तिकडचाच. पण अंगणातला वाल चालत नाही. जिरं एका घरात चालतं, शेजारच्या घरात भुवया उंचावतात. कोथिंबिरीवरून सासरमाहेर तुटायची वेळ येते. तरीही आषाढी एकादशीला गावोगावची हॉटेलं उपासाची मिसळ विकतात, आणि सगळी तपासणी एका वाक्यात उरकते: ‘उपासाला चालेल ना?’ ‘चालतंय की, शेंगदाण्याचं तेल आहे.’ फार तर गिऱ्हाईक मान वाकवून बघतं की साबुदाणावडा कांदाभज्यांच्याच कढईत तर पोहत नाही ना. जैन पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं घालतात तेही असंच, तोंडी विश्वासावर. ना मंडळ, ना पर्यवेक्षक. कुणी म्हणेल, उपास मोडला तर फार काय बिघडतं, हलालचं गांभीर्य वेगळं. ज्याचा उपास मोडला त्याला हे विचारून पाहावं. पाळणाऱ्याला स्वतःचा नियम हलका कधीच नसतो, म्हणून तर तो जास्त बारकाईने विचारतो, आणि विचारणारं गिऱ्हाईक हे कुठल्याही खात्याला न परवडणारं तपासणीपथक असतं, तेही बिनपगारी.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: शिक्क्याने धंदा वाढतो. वाढतो ना. सांगलीचा बेदाणा किंवा कोकणातला आंब्याचा रस आखाती देशात जायचा असेल आणि तिथल्या घेणाऱ्याने कागद मागितला, तर मुकाट्याने काढावा. मध्ये समुद्र आहे, अंतराचा मुद्दा तिथे लागू पडतो. परगावी आलेल्या पाहुण्यालाही दारावरची पाटी बरी वाटते. ज्याला लांब विकायचं आहे त्याने खर्च करून शिक्का घ्यावा. आक्षेप आहे तो सक्तीला, आणि म्हणूनच बंदीलाही, कारण दोन्हींत पदार्थापेक्षा कागद मोठा होतो. आपल्या देशाने ही दुसरी बाजू मन लावून करून दाखवली आहे. 18 नोव्हेंबर 2023 रोजी उत्तर प्रदेशाने हलाल प्रमाणित वस्तूंची निर्मिती, साठवण आणि विक्री बंद केली. निर्यातीला मात्र मोकळीक ठेवली. त्याच वर्षी केंद्राने मांसाच्या निर्यातीसाठी हलाल प्रमाणनाची रीतसर सरकारमान्य पद्धत आखली. म्हणजे तोच कागद जहाजावर चढताना पुण्याचा आणि लखनौच्या फळीवर पापाचा. जुलै 2023 मध्ये वंदे भारत गाडीत एका प्रवाशाला ऐन श्रावणात चहाच्या पुडीवर हलाल लिहिलेलं दिसलं; चहा शाकाहारीच असतो हे समजावताना रेल्वेच्या माणसाची दमछाक झाली. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सॉलिसिटर जनरलांनी हलाल सिमेंट आणि सळयांचा विषय काढला, आणि हलाल प्रमाणपत्रं देणाऱ्या ट्रस्टने आपण तसलं काही करत नसल्याचं सांगितलं. सिमेंट कुणी खात नाही यावर तरी दोन्ही बाजूंचं एकमत व्हायला हरकत नव्हती.

महाराष्ट्र मागे कसा राहील? मार्च 2025 मध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मटण विकणाऱ्या हिंदू दुकानदारांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र जाहीर केलं. एका शिक्क्याचा जाच होतो म्हणून उपाय काय, तर दुसरा शिक्का. त्यावर जेजुरीतूनच आक्षेप आले की खंडोबाचा नैवेद्य शाकाहारी, मटणाला त्याचं नाव कसं देता. तिकडे नावात सैतान होता म्हणून अडलं, इकडे नावात देव होता म्हणून. रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभा असलेला माणूस या सगळ्यात कुठेच नसतो. तो टांगलेल्या जनावराकडे निरखून पाहतो, ‘बोकडच ना?’ म्हणून विचारतो, चाप आणि मांडी मिसळून मागतो, वर दोन तुकडे कलेजी टाकायला सांगतो. हलाल हवं असलेला एका दुकानी जातो, झटका हवा असलेला दुसऱ्या, आणि ज्याला दोन्हींचं सोयरसुतक नाही तो जिथे मटण कोवळं तिथे. त्याच्या माहितीसाठी कुणी मोहीम काढलेली नाही, तरी त्याला सगळं माहीत असतं.

तेव्हा लहान धंद्याचं खरंच भलं करायचं असेल तर उतरंड उलटी करावी. कत्तलखाना, दळणाचं यंत्र, जिलेटिन आणि एन्झाइम बनवणारे, ब्रशवाले, यांच्या दारात तपासनीस बसवावेत. ते मोजके आहेत, सापडतात, आणि त्यांना खर्च झेपतो. गाडीवालीकडे माल कुठून आणला याची बिलं असावीत आणि विचारल्यावर खरं उत्तर असावं, बस. स्वच्छतेसाठी आपल्याकडे अन्नसुरक्षेचा 14 आकडी क्रमांक आधीच आहे, पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका आहे, आणि रंगांधांना ओळखता यावा म्हणून मांसाहाराच्या तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण करण्याइतकी समज आपल्या नियमांनी एकदा दाखवलेली आहे. त्या त्रिकोणातला शहाणपणा असा की तो काय आहे ते सांगतो आणि पुढचं खाणाऱ्यावर सोडतो. या योजनेत नुकसान एकाच वर्गाचं होईल: अर्ज भरून देणारे एजंट, सल्लागार, सहायक आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे. त्यांचाही विचार व्हायला हवा. त्यांच्यासाठी सरकारने पुनर्वसनाची एखादी चांगली योजना काढावी. अट एवढीच, की अर्ज प्रत्येकाने स्वतःचा स्वतः भरायचा.